स्लॉटरकाकूची चुकलेली खाच

स्लॉटरकाकूला गोल बोलणारा माणूस खपत नसे. गिऱ्हाईक दारात उभं राहून "त्याचं असं आहे काकू, म्हणजे तसं पाहिलं तर..." अशी सुरुवात करू लागलं, की ती मशीन बंद न करताच ओरडायची, "गोल गोल नको फिरू बापा! गोल काम तिकडं आमच्या मालकायच्या मशीनवर होते. इकडं सीधं सांग, खाच कुठं पायजे?" मालक म्हणजे काका. ते समोरच्या भिंतीला लेथवर उभे असायचे. चार माणसांत आपलं नाव निघालं, की ते मान आणखी खाली घालून लोखंड गोल करत राहायचे.

पांढुर्ण्याच्या बाजारामागच्या गल्लीत या नवरा-बायकोचं वर्कशॉप होतं, आणि त्याच्या मागच्या भिंतीला लागून आमचं घर. काकांच्या लेथवर लोखंड गरगर फिरून गोल व्हायचं. काकूच्या स्लॉटरचा, म्हणजे खाच पाडायच्या मशीनचा, हिशोब वेगळा. त्याचा जाडजूड लोखंडी हात वर जायचा आणि दणकन खाली यायचा. खाली येताना टोकाला बसवलेलं हत्यार चाकाच्या भोकात आतल्या बाजूनं एक बारीक पापुद्रा खरवडून काढायचं. असे पापुद्रे निघत निघत भोकाच्या आत एक सरळ खाच तयार व्हायची. तशीच खाच काका त्या भोकात बसणाऱ्या दांड्यावर, म्हणजे शाफ्टवर, कापून ठेवायचे. दोन्ही खाचा समोरासमोर आणायच्या आणि मधल्या जागेत लोखंडाचा चौकोनी तुकडा हातोडीनं ठोकून बसवायचा. या तुकड्याला आमच्याकडे चाबी म्हणतात. चाबी बसली की चाक आणि शाफ्ट एका जिवाचे होतात. नाही बसली तर शाफ्ट आतल्या आत फिरत राहतो आणि चाक जागचं हलत नाही. तालुक्यातल्या पिठाच्या गिरण्या, डाळ मिला, कापसाची जिनिंगं, सगळ्यांची चाकं कधी ना कधी काकूच्या हाताखालून गेलेली.

साडीवर काकांचा जुना खाकी शर्ट, पदर कमरेला करकचून खोचलेला आणि अंबाड्यात खडू. हा तिचा पोशाख. खुणा करायला खडू लागायचा, म्हणून तो अंबाड्यात. लग्नाच्या जेवणाला गेली तरी तो तिथंच असायचा. मी शाळेत गणित शिकवते, म्हणजे खडूचं आणि माझंही जुनं नातं; पण माझ्या केसांत खडू खोचायची हिंमत मला आजवर झाली नाही. आमच्या भागात बायकाही "मी करतो, मी जातो" असंच बोलतात. बाहेरगावच्या पाहुण्यांना ते ऐकून हसू येतं. काकूच्या तोंडी मात्र ते "मी करतो" असं काही शोभायचं, की पाहुणा हसायचं विसरायचा.

ती मशीनवर आली कशी, याची कथा ती स्वतःच सांगायची, आणि दर वेळी थोडी वाढवून सांगायची. स्लॉटर चालवणारा माणूस ऐन हंगामात काम सोडून नागपूरला निघून गेला. बाहेर चाकांचा ढीग, आत काका डोक्याला हात लावून बसलेले. काकू डबा घेऊन आली होती. तिनं डबा ठेवला आणि म्हणाली, "सरका." काका सरकले. "इतके वर्सं डबा घेऊन येऊन राहिली, मी काय भिंतीकडं पाहत होती का?" हे तिचं ठरलेलं वाक्य. त्या दिवशीचं पहिलं चाक तिनं साफ वाया घालवलं, हे ती सांगायची नाही. ते काका सांगायचे, तेसुद्धा ती बाहेर गेल्यावर. खाच हवी त्याहून रुंद झाली होती. त्या चाकानं तिला जन्माचा धडा दिला असावा, कारण पुढं ती उठता बसता म्हणायची, "कमी कापलेलं पुन्हा कापता येते. जास्त कापलेलं देव बी जोडत नाई." हे ती लोखंडाबद्दल म्हणे, झंपराच्या कापडाबद्दल म्हणे आणि सुनेला जास्त बोलणाऱ्या सासवांबद्दलही म्हणे.

पण तिचं खरं भांडवल होतं तिची बढाई. नम्रपणा तिच्या घरावरून कधी गेला नव्हता. "पांढुर्ण्यात दोन चीजा वापस येत नाई," ती नव्या गिऱ्हाइकाला ऐकवायची, "एक गेलेली लाइट, अन् दुसरी माही खाच." आणि ते खरं होतं. तिनं कापलेल्या खाचेत चाबी बसली नाही, म्हणून चाक परत आलं, असं कधी घडलं नव्हतं. समोरचे वेल्डिंगवाले गजूभाऊ तिची बढाई ऐकून कपाळाला हात लावायचे, पण त्यांनाही उलट बोलायला जागा नव्हती.

चाबीच्या नावानं तिच्याकडे भलतीच माणसंही यायची. एकदा तिगावचा एक गृहस्थ पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन धापा टाकत आला. कुणीतरी त्याला सांगितलं होतं, की पांढुर्ण्यात चाबीवाली बाई आहे. पेटीत नवरीचे कपडे, पेटीला कुलूप, किल्ली हरवलेली आणि मुहूर्त डोक्यावर आलेला. काकू आधी पोट धरून हसली. मग तिनं काकांना छिन्नी आणायला लावली. काकांनी एका घावात कुलूप पाडलं. श्रेय अर्थातच काकूनं घेतलं. "माह्याकडं आले अन् खाली हात गेले, असं कधी झालं का?" म्हणत ती त्याच पेटीबरोबर तिगावला लग्नाला गेली आणि जेवून, मानाचं झंपरपीस घेऊन संध्याकाळी परत आली.

तिचं माहेर नदीपलीकडे सावरगावला. म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, नदीतल्या झेंड्यासाठी दोन्ही गावं एकमेकांवर दगड मारतात त्या गोटमारीला, ती सासरची राहायची नाही. त्या दिवशी वर्कशॉपला कुलूप असायचं. नदीकडे तीही जायची नाही आणि काकाही जायचे नाहीत. "दगडं मारून काय भेटते? दगडाले खाच बी पाडता येत नाई," असं तिचं मत. पण सकाळपासून ती काकांशी अबोला धरायची. "आज मी सावरगावची, तुम्ही पांढुर्ण्याचे," एवढं एकदा बजावून सांगायची आणि मग दिवसभर आमच्या भिंतीवरून निरोप पाठवायची, "मास्तरीण, तुह्या काकाले सांग, जेवाले वाढलं हाये." काका माझ्या समोर, काकू माझ्या समोर, मध्ये मी. संध्याकाळी झेंडा कुणी नेला ते कळलं, की हरलेल्यानं जिंकलेल्याला चहा करून द्यायचा. सावरगाव जिंकलं की काका गुपचूप चहा करायचे. पांढुर्णा जिंकलं की काकूचं डोकं दुखायचं, आणि चहा काकाच करायचे.

तिचा दुसरा उद्योग म्हणजे लग्नं जमवणं. त्यातही तिची कसोटी मशीनवरचीच. मुलगा कसा आहे विचारलं, तर म्हणायची, "चांगला हाये, पण नुसता गोल हाये, खाच नाई. पोरगी त्याच्याभोवती फिरत राहीन जनमभर." खाच म्हणजे काय, तर दुसऱ्यासाठी स्वतःत थोडी जागा करून ठेवणं. माझ्यासाठी आलेली चार स्थळं मी नाकारली, तेव्हा साऱ्या गल्लीनं मला शहाणी, फाजील आणि आणखी काय काय ठरवलं. काकूनं मात्र मला काहीच विचारलं नाही. तिला कारण ठाऊक होतं.

कारण होती माझी आई. वडील गेल्यावर घरात आम्ही दोघीच. आई तशी धडधाकट, पण तिला एक खोड होती. एकटीसाठी ती कधी चूल पेटवायची नाही. मी शाळेच्या कामानं दोन दिवस बाहेरगावी गेले, तर ती कालची पोळी चहात बुडवून खायची आणि विचारलं की म्हणायची, "भूकच नव्हती वं." एकदा मी आठवडाभर प्रशिक्षणाला गेले होते. परत आले तर पिठाचा डबा होता तसाच होता आणि आई चक्कर येऊन खाटेवर पडली होती. त्या दिवसापासून माझ्या मनानं घेतलं, की मी लग्न करून गेले तर ही बाई उपाशी मरेल, आणि "भूकच नव्हती" म्हणत मरेल. तिला सोबत न्यावं, तर लेकीच्या सासरी पाणीही पिणार नाही, असा तिचा बाणा. मग राहिलं काय? शाळा सुटली की वर्कशॉपमध्ये स्टुलावर बसून काकूबरोबर चहा प्यायचा आणि घरी जाऊन आईबरोबर जेवायचं. मी तेवढ्यावर समाधानी होते, निदान तसं म्हणत तरी होते.

अशा एका दुपारी लोधीखेड्याचा माणूस आला. पिकअपमध्ये भलीमोठी पुली टाकलेली.

"काऊन? तुमच्या बाजूच्या सौसरले मशीनी नाई का?" काकूनं विचारलं.

"हायेत. पण एवढी पुली त्यायच्या मशीनवर मावत नाई. डाळ मिलची हाये. खाच झिजली, समोरच्या बाजूनं नवी पायजे. मोजमाप हे घ्या. तुरीचा सीझन हाये, घाई हाये. अन् चहा भेटला तं पिईन."

एका दमात सगळं सांगून तो उभा राहिला. इतकं सरळ बोलणारं गिऱ्हाईक त्या दारात कधी आलंच नसावं. मला खुदकन हसू आलं आणि कपातला चहा साडीवर सांडला. काकूनं माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे. आणि अंबाड्यातला खडू काढून ती पुलीवर खुणा करायला लागली.

काम संपत आलं तेव्हा मी मशीनजवळच होते. काकूनं डब्यातून त्या मापाची चाबी काढली आणि खाचेत घालून पाहिली. चाबी तोंडाशीच अडली. अशा वेळी ती मशीन चालू करून आणखी थोडं खरवडायची. मी शंभर वेळा पाहिलं होतं. पण त्या दिवशी तिनं चाबी परत डब्यात टाकली, हात पुसले आणि म्हणाली, "झालं. घेऊन जा." त्याची स्वतःची चाबी मिलमध्ये शाफ्टजवळ राहिली होती, त्यामुळे त्याला काही कळायचा मार्ग नव्हता. पिकअप वळणावरून दिसेनाशी झाली.

"काकू, चाबी आत गेली नाही," मी म्हणाले.

"मले दिसते."

"मग?"

"मंग काय? वापस येईन."

"पुली?"

"पुली एकटी कशी येईन वं? तिले आणाले कोनी तरी लागनच ना." आणि तिनं मशीनला तेल घालायला घेतलं. लेथवर काकांना एकाएकी खोकला आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पिकअप परत आली आणि बाजारात एकच हलकल्लोळ झाला. गजूभाऊंनी वेल्डिंग अर्धवट टाकलं आणि बसस्टँडच्या चहाच्या टपरीपर्यंत बातमी पोचवून आले, "आइका हो, स्लॉटरकाकूची खाच वापस आली!" लोक पाहायला आले. ज्यांना खाच म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं, तेही पुलीच्या भोकात डोळा लावून "च् च्" करून गेले. काकूचा चेहरा लालबुंद झाला होता. मला वाटलं, आता ही गजूभाऊंच्या अंगावर धावून जाणार. पण ती एवढंच म्हणाली, "होते कधी कधी." हे तीन शब्द तिच्या तोंडून मी तोवर कधीच ऐकले नव्हते. त्या हंगामात जिनिंगच्या एका मालकानं आपली चाकं नागपूरला पाठवली. बाईची नजर गेली, असं तो म्हणाला म्हणे. काकूनं तेही ऐकून घेतलं. ज्या बाईनं आयुष्यभर एकच गोष्ट अभिमानानं मिरवली, तिनं ती माझ्यासाठी भर बाजारात उतरवून ठेवली, आणि मी स्टुलावर बसून ते पाहत होते. आजही ते आठवलं की मला भरून येतं.

लोधीखेडा मात्र खुशीत दिसत होता. काकू माणसांना त्यांच्या गावाच्या नावानंच हाक मारायची. "ए लोधीखेडा, बस. मशीन थंडी हाये, गरम व्हाले टाइम लागते." स्लॉटर काय इस्त्री आहे गरम व्हायला? पण तो निमूट बसला. त्याचं नाव विलास. त्या दिवशी मशीन गरम व्हायला आख्खी दुपार लागली. काका चहा सांगायला म्हणून गेले ते आलेच नाहीत, काकू तेल आणायला म्हणून गेली तीही आली नाही. विलास नागपूरची नोकरी सोडून वडिलांची मिल आणि संत्र्याची बाग पाहायला घरी आला होता. त्यानं विचारलं म्हणून मी शाळेचं सांगितलं, आणि शाळेवरून गाडी कशी कोण जाणे आईच्या न पेटणाऱ्या चुलीवर आली. कुणाला सांगितलं की लोक म्हणायचे, "वय झालं की होतं असं." विलासनं तसं म्हटलं नाही. त्यानं विचारलं, "मंग तुम्ही शाळेत असता तवा दुपारी काय खातात त्या?" मला तोवर कुणीच हे विचारलं नव्हतं. मी त्या माणसाच्या प्रेमात पडले ते तिथं, तेलकट स्टुलावर, या एका प्रश्नानं.

पुढच्या आठवड्यात तो पुन्हा आला. गाडी रिकामी.

"पुली कुठं हाये?" काकूनं विचारलं.

"पुली बराबर चालून राहिली. तेच सांगाले आलो."

"इतक्या दूरून? फोन नाई का तुह्याकडं?"

विलास लाजला. लेथवरून काका पहिल्यांदाच मोठ्यानं हसले.

पण प्रेमात पडणं सोपं, लोधीखेड्याला जाणं अवघड. विलासच्या घरचं एकत्र कुटुंब, मोठी बाग, मिल. सून घरात यायला हवी, हे त्यांचं म्हणणं चूक कसं म्हणणार? आणि मी पांढुर्णा सोडणार नाही, हे माझंही चूक नव्हतं. लोधीखेड्याहून रोज शाळेत येऊन जाऊन मी संध्याकाळी आईसमोर ताट ठेवू शकले नसते. शेवटी मी विलासला नाही म्हणून सांगितलं. त्या रात्री आई आणि मी दोघीही न जेवता झोपलो, आणि दोघीही म्हणालो, भूकच नव्हती.

काकूला हे कळलं तशी ती उसळली. रविवारी तिनं विलासला आणि त्याच्या वडिलांना वर्कशॉपमध्ये बोलावलं. आईला मी हात धरून नेलं. बघण्याचे कार्यक्रम आमच्याकडे बैठकीत होतात, पोहे होतात. आमचा झाला तो ऑइलच्या डब्यांवर बसून. विलासचे वडील मोठे मजेदार गृहस्थ, डोक्यावर टोपी, डोळ्यांत मिश्कीलपणा. काकूनं त्यांच्या समोर एक लहान चाक, शाफ्टचा तुकडा आणि चाबी ठेवली.

"काकाजी, हे चाबी पुरी चाकातच बसवून दाखवा."

"मंग शाफ्टीले काय धरन ते? शाफ्ट फिरत राहीन रिकामा."

"मंग पुरी शाफ्टीत बसवा."

"मंग चाक हलनार नाई. बाई, मी मिलवाला हाओ, मले काय शिकवून राहिल्या? चाबी आर्धी इकडं बसते, आर्धी तिकडं."

"मंग हे दोघं," काकू म्हणाली, "पुरे लोधीखेड्यात कसे बसतीन?"

म्हाताऱ्यानं चाबी हातात घेतली, उलटीपालटी केली. त्याच्या डोळ्यांत हसू आलं. "सौसर," तो म्हणाला.

खरंच की. सौसर मध्ये. तिथून विलासला लोधीखेडा एका बाजूला, मला पांढुर्णा दुसऱ्या बाजूला. सकाळी तो त्याच्या मिलवर जाईल, मी माझ्या शाळेत. शाळा सुटल्यावर आईकडे बसून मग सौसरची बस. इतकी साधी गोष्ट आम्हा दोघांना सुचली नव्हती. मी इकडे ओढत होते, तो तिकडे.

"पन एक सांगा बाई," विलासचे वडील उठता उठता म्हणाले, "आमची पुली तं तुम्ही चुकीची कापली होती ना?"

"चुकीची नाई!" काकू ताडकन उभी राहिली. "कमी कापली होती! मुद्दाम! या पोरीसाठी!"

दारात गजूभाऊ उभे होतेच. ते इतके हसले, की त्यांना खाली बसावं लागलं. "हाव हाव, चुकली की असंच म्हणते!" सारी गल्ली हसली. विलासचे वडील हसले, आईसुद्धा पदराआड हसली. त्यानंतर आयुष्यभर काकू हे ज्याला त्याला सांगत राहिली आणि एकाही माणसानं तिच्यावर विश्वास ठेवला नाही. मी साक्ष दिली तर लोक म्हणायचे, तू तिचीच पोरगी, तू तसंच म्हणणार. म्हणून इथं छापील अक्षरांत सांगते. ती खाच चुकली नव्हती. मी तिथं होते.

लग्न झालं, सौसरला घर केलं. दुपारचं मी मधल्या सुट्टीत घरी जाऊन पाहून घेत होते, पण माझी बस गेल्यावर रात्रीच्या जेवणाचं काय, हा घोर उरलाच होता. तो काकूनं न विचारता आपल्या अंगावर घेतला. माझ्या लग्नानंतर आठवडा झाला असेल, ती संध्याकाळी आईच्या दारात भांडं घेऊन उभी राहिली. "ताई, मशीनवर हात भरून आले माहे. आज आमच्या दोघायची भाजी तुम्हीच करा." आलेल्याला नाही म्हणणं आईच्या रक्तात नव्हतं. चूल पेटली. दुसऱ्या दिवशी काकू रिकामं भांडं घेऊन आली आणि म्हणाली, "भाजी चांगली होती, पन तिखट कमी पडलं." आई सुगरण. तिला ते असं झोंबलं, की त्या संध्याकाळी तिनं पुन्हा चूल पेटवली, नुसतं चुकलेलं सुधारायला म्हणून. मग कधी तेल जास्त व्हायचं, कधी वांगी कच्ची राहायची, कधी पोळ्या जाड व्हायच्या. रोज एक खोट. आई फोनवर माझ्याजवळ तणतणायची, "काय वं हे बाई! जीभ हाये का कानस!" तणतणताना तिचा आवाज ठणठणीत असायचा. वर्षभरात तिच्या गालांवर मांस आलं.

गेल्या वर्षी काकू गेली. आजारी पडली आणि फार न रेंगाळता गेली. रेंगाळणं तिच्या स्वभावातच नव्हतं. सारा बाजार बंद होता. गजूभाऊ लहान मुलासारखे रडले. त्यांचा नागपूरला राहणारा मुलगा काकांना घेऊन जायला आला होता, पण काका लेथचा दांडा धरून उभे राहिले आणि नाही म्हणाले. पुढं त्यांनी स्लॉटरही स्वतःच चालवायला घेतला.

मला मात्र आईचा घोर लागला. आता भांडं घेऊन कोण येणार? तेराव्यानंतर मी आणि विलास तिला न्यायलाच गेलो. लेकीच्या घरचं पाणी वगैरे आता पुरे, असं मी वाटेत घोकत होते. घरात पाऊल टाकलं तर फोडणीचा वास. आई चुलीपुढं बसून डबा भरत होती.

"आई, चल सौसरला. इथं एकटी नको राहू."

"एकटी कुठं हाओ? अन् मी आली तं भाऊजीले कोन देईन जेवाले? त्यायले बाई कूकर बी लावता येत नाई." तिनं डबा माझ्या हातात दिला. "जाय, देऊन ये. थंड होऊन राहिलं."

मी डबा घेऊन वर्कशॉपमध्ये गेले. काकांनी हात धुतले, स्टुलावर बसले, डबा उघडला आणि दोन घास शांतपणे खाल्ले. या माणसानं जन्मात कधी जेवणाला नाव ठेवलेलं मी ऐकलं नव्हतं. पुढं येईल ते खायचं आणि ताट उचलायचं, एवढंच त्यांना ठाऊक. माझ्याकडे न पाहता ते म्हणाले, "वहिनीले सांगजो, आज मीठ कमी पडलं."

मी झाकणातली भाजी बोटावर घेऊन चाखली. मीठ अगदी बेताचं होतं. काकांनी मान वर केली नाही. त्यांचे डोळे भरले होते, आणि ते जेवत होते.

घरी येऊन मी आईला निरोप सांगितला.

"मीठ कमी?" आई उसळून उभी राहिली. "माह्या भाजीत? उद्या पाहतो मी कसं कमी पडते तं!" आणि तिनं उद्यासाठी बरबटीचे दाणे भिजत घातले.